गाठीची पारख

घाटंजीच्या बाजारात कापसाची गाडी उभी राहिली की घेणारा माणूस पहिल्याप्रथम काय करतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. तो मूठभर कापूस उचलतो, चिमटीत धरून त्याचा धागा ओढतो, ओल किती आहे ते चाचपतो आणि मग भाव बोलतो. लांबून पाहिले तर सारा कापूस पांढराच. पारख होते ती बोटांनी. श्रोतेहो, आज ज्या विषयावर मी बोलणार आहे त्याचेही थोडेफार असेच आहे. विषय आहे कातडीखालच्या गाठींचा, आणि त्यातही विशेषकरून चरबीच्या गाठीचा.

कुणाच्या पाठीवर, कुणाच्या खांद्यावर, कुणाच्या दंडावर अशी मऊ गाठ आपण पाहिलेली असते. डोक्यावर असली की जुनी माणसे तिला आवाळू म्हणतात. डॉक्टर ‘लायपोमा’ म्हणतात. ग्रीक भाषेत ‘लिपोस’ म्हणजे चरबी, त्यावरून तो शब्द आला. शंभर माणसांत साधारण एकाला ती असते, आणि बहुतेक वेळा चाळिशी ते साठीच्या दरम्यान ती ध्यानात येते. म्हणजे हजार वस्तीच्या गावात दहाएक जणांच्या अंगावर ती असणार. इतकी नेहमीची गोष्ट. पण तिच्याबद्दल दोन अगदी उलट गैरसमज आपल्यात नांदत आहेत. एक म्हणतो, “गाठ आली, आता कर्करोगच झाला.” दुसरा म्हणतो, “दुखत नाही ना? मग राहू दे.” पहिल्या समजाने माणूस उगीच झुरतो. दुसऱ्याने कधी कधी जीव जातो. हे दोन्ही समज कुठून आले आणि खरी पारख माणसाला कशी साधली, तो इतिहास आज पाहू या.

सुरुवात आपल्याच घरातून करू. सुश्रुतसंहिता हा शस्त्रक्रियेवरचा आपल्या देशातला थोर ग्रंथ. त्याची परंपरा दोन हजार वर्षांच्या मागे जाते. त्याच्या निदानस्थानातला अकरावा अध्याय गाठींवरच आहे. सुश्रुताने सगळ्या गाठी एका टोपलीत टाकल्या नाहीत. ग्रंथी वेगळी, गळ्याभोवती माळेसारखी येणारी अपची वेगळी, अर्बुद वेगळे, गलगंड वेगळा, अशी वाटणी त्याने केली. ग्रंथीचेही पाच प्रकार सांगितले, आणि त्यांतला एक मेदापासून होणारा, म्हणजे चरबीचा. ही गाठ गुळगुळीत असते, मोठी होते, फार थोडी दुखते, खाज सुटते, असे वर्णन तो करतो. फुटली तर आतून तिळाच्या पेंडीसारखा किंवा तुपासारखा मेद बाहेर येतो, असेही म्हणतो. पेंड म्हणजे आपल्या वऱ्हाडातली ढेप. तेलघाण्याजवळ राहणाऱ्या माणसाला समजेल अशीच ही उपमा आहे.

पुढे सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमारास वाग्भटाने अष्टांगहृदयात ग्रंथींचे प्रकार नऊ केले. पाचाचे नऊ झाले, यातला मुद्दा आकड्याचा नाही. मुद्दा असा, की हे वैद्य गाठीला हात लावून पाहत होते आणि एक गाठ दुसरीसारखी नसते हे त्यांना कळले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याचे डॉक्टर गणेश कृष्ण गर्दे यांनी वाग्भट मराठीत आणला. संस्कृत न जाणणाऱ्या मराठी माणसालाही मग घरी बसून हे ज्ञान वाचता येऊ लागले.

सुश्रुताची आणखी एक गोष्ट आजच्या शल्यचिकित्सकालाही मान डोलवायला लावील. अर्बुद काढताना त्याचा जरासा अंश मागे ठेवलात तर ते पुन्हा वाढते; विस्तवाची ठिणगी मागे राहावी तसे ते आहे, म्हणून समूळ काढा, असे त्याचे सांगणे आहे. आज चरबीची गाठ काढताना डॉक्टर तिच्या पातळ वेष्टनासह अख्खी काढतात, ते याच कारणासाठी.

पण मंडळी, थोर ग्रंथालाही प्रश्न विचारायचा असतो. सुश्रुत म्हणतो की ही गाठ शरीर वाढले की वाढते आणि शरीर झडले की झडते. यातला पहिला अर्धा भाग बरोबर आहे. माणूस लठ्ठ झाला तर गाठ थोडी वाढू शकते. दुसरा अर्धा मात्र आजच्या अनुभवाला उतरत नाही. माणूस उपासाने, दुखण्याने किंवा दुष्काळाने रोडावला, पोट खपाटीला गेले, तरी ही गाठ आपली जागा आणि आकार सोडत नाही. उलट आजूबाजूची चरबी गेल्यामुळे ती अधिकच उठून दिसते. अंगातली बाकीची चरबी अडीअडचणीला उपयोगी पडणाऱ्या कणगीतल्या धान्यासारखी असते. ही गाठ म्हणजे कुलूप लावलेली कणगी. घरात उपासमार झाली तरी तिच्यातला दाणा बाहेर निघत नाही. म्हणूनच “तूप बंद करू का, तेल सोडू का?” असे कुणी विचारले तर उत्तर सरळ आहे. खाणे कमी केल्याने ही गाठ जात नाही आणि चार घास तूप खाल्ल्याने ती येतही नाही.

शिवाय ढेपेसारखा, वास येणारा पदार्थ आज ज्या गाठीतून निघताना दिसतो ती बहुधा चरबीची गाठ नसते. ती कातडीच्याच पेशींची थैली असते आणि तिच्या माथ्यावर अनेकदा एक बारीक काळा ठिपका दिसतो. तेव्हा सुश्रुताच्या एका नावाखाली आजच्या दोन वेगळ्या गाठी आल्या असाव्यात. त्यात त्याला उणेपणा नाही. कातडीच्या आत डोकावण्याचे साधन तेव्हा कुणाहीजवळ नव्हते.

आता जरा समुद्रापलीकडे जाऊ. दीडदोनशे वर्षांपूर्वी युरोपातही गाठ काढून घेणे म्हणजे धाडसच होते. इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज याच्या डोक्यावर अशीच एक गाठ होती. चरबीची नव्हे, वर सांगितलेली कातडीची थैली. अ‍ॅस्टली कूपर या नामांकित शल्यचिकित्सकाने ती काढली. काम लहानसे, पण कूपरच्या मनात धाकधूक होती, कारण अशा जखमेत विसर्प पसरून माणसे दगावत. राजा बरा झाला आणि कूपरला १८२१ साली बॅरोनेट हा किताब मिळाला. विचार करा, राजवाड्यातल्या माणसालाही एका आवाळूपायी जीव मुठीत धरावा लागत होता. मग घाटंजीच्या शेतकऱ्याने गाठीला कापू दिले नाही आणि देवाचा अंगारा लावला, तर त्याला अडाणी कसे म्हणावे? त्या काळी न कापणे हाच बहुधा शहाणपणा होता.

भीतीची कारणे दोन होती : वेदना आणि पू. वेदनेवरचा उपाय जगासमोर आला तो १६ ऑक्टोबर १८४६ रोजी, अमेरिकेत बोस्टन शहरी. विल्यम मॉर्टन याने एका रोग्याला ईथर हुंगवले आणि शल्यचिकित्सकाने सर्वांसमक्ष शस्त्रक्रिया केली. ती शस्त्रक्रिया कशाची होती, ठाऊक आहे? मानेवरच्या गाठीचीच. दुसऱ्याच वर्षी, १८४७ साली, स्कॉटलंडमध्ये सिम्प्सनने क्लोरोफॉर्म वापरात आणला. पुवावरचा उपाय १८६७ साली जोसेफ लिस्टरने जगापुढे मांडला. जखमेत जंतू शिरतात, ते मारले तर पू होत नाही, हे त्याने दाखवून दिले. पुढे १८८४ साली कार्ल कोलर याने डोळ्यात कोकेनचे थेंब घालून तेवढाच भाग बधिर करता येतो हे सिद्ध केले, आणि १९४३ साली स्वीडनमध्ये लिग्नोकेन तयार झाले. आज दात काढताना हिरडीत जी सुई टोचतात ती बहुधा याच औषधाची. चरबीची लहान गाठ काढायला आता एवढीच भूल पुरते. माणूस शुद्धीवर असतो, डॉक्टरांशी बोलत असतो आणि बहुधा त्याच दिवशी घरी जातो. राजाला जे भय होते ते आज हमालालाही बाळगण्याचे कारण नाही.

तरीही मूळ प्रश्न उरलाच होता : कोणती गाठ साधी आणि कोणती घातक? याचे उत्तर सूक्ष्मदर्शकाने दिले. १८३८ साली जर्मनीत योहानेस म्युलर याने निरनिराळ्या गाठींचे पातळ तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ग्रंथ लिहिला. त्याचा शिष्य रुडॉल्फ फिर्खो याने १८५८ साली सांगितले की शरीरातली प्रत्येक पेशी दुसऱ्या पेशीपासूनच जन्मते. रोगाचे मूळही पेशीतच शोधावे. म्हणजे गाठ ही बाहेरून कुणी टाकलेली करणी नव्हे. ती आपल्याच शरीराच्या पेशींची वाढ आहे.

त्या भिंगातून पाहिले तेव्हा चरबीच्या गाठीचे रहस्य अगदी साधे निघाले. आत असतात त्या नेहमीच्या चरबीसारख्याच पेशी, आणि भोवती एक पातळ पापुद्रा. बस्स, एवढेच. ती पसरत नाही, दुसऱ्याला लागत नाही. तिचा कर्करोग होतो असेही सहसा घडत नाही. ती का होते याचे पूर्ण उत्तर अजून शास्त्राजवळ नाही. मात्र कित्येक गाठींतल्या पेशींमध्ये बाराव्या गुणसूत्रात फेरफार आढळतात, आणि अनेक गाठी असणे काही घराण्यांत पिढ्यान् पिढ्या चालते. ओझे वाहून ती होते, असे आपल्याकडे म्हणतात. जू घासून बैलाच्या खांद्याला सूज येते, आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण त्याची खांद शेकतो, हे खरे. त्यावरून माणसाच्या गाठीचाही तर्क केला गेला असावा. पण ओझ्याने चरबीची गाठ होते असे सिद्ध झालेले नाही.

फिर्खोच्या भिंगाने एक इशाराही दिला. चरबीच्याच जातीची, पण घातक अशी एक दुर्मिळ गाठ असते. ती बहुधा मांडीत किंवा पोटाच्या मागे, खोल स्नायूंत वाढते. आणि श्रोतेहो, इथेच मुख्य गोष्ट लक्षात ठेवा : ही घातक गाठसुद्धा सुरुवातीला बहुधा दुखत नाही.

आपल्या गावातल्या बोलण्यात दुखणे हाच रोगाचा पुरावा मानला जातो. ‘दुखणे’ या शब्दाचा अर्थच आपण आजार असा करतो. पण गाठींच्या बाबतीत हा पुरावा खोटी साक्ष देतो. केसतूड ठणकते, रात्रभर झोपू देत नाही, आणि आठ दिवसांत बसते. स्त्रीच्या स्तनातली कर्करोगाची गाठ मात्र सुरुवातीला बहुतेक वेळा मुकी असते. मानेतल्या क्षयाच्या गाठी, ज्यांना आपण गंडमाळा म्हणतो, त्याही बऱ्याचदा फारशा दुखत नाहीत. रॉबर्ट कॉख याने २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू जाहीर केला, तेव्हा कुठे फुप्फुसाचा क्षय आणि गंडमाळा ही एकाच जंतूची कामे आहेत हे पक्के झाले. कुष्ठरोगात कानाच्या पाळीवर, चेहऱ्यावर ज्या गाठी येतात त्याही सुरुवातीला सहसा दुखत नाहीत. आपल्या विदर्भाने हा रोग जवळून पाहिला आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ साली मनोहरजी दिवाण यांनी आणि वरोऱ्याला १९४९ साली बाबा आमटे यांनी कुष्ठसेवेचे काम उभे केले, ते काही उगीच नव्हे. क्षय आणि कुष्ठ या दोन्हींचे औषध आज सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि दोन्ही बरे होतात. अट एकच, की गाठ दाखवली पाहिजे.

काही गाठी तर आपण हद्दपारही केल्या आहेत. आजोबांच्या तोंडून नारूचे नाव तुम्ही ऐकले असेल. विहिरीच्या पाण्यातून पोटात गेलेला जंतू वर्षभराने पायाच्या कातडीखाली दोऱ्यासारखा दिसे आणि फोड फोडून बाहेर येई. पाणी गाळून पिण्याची सवय, पायविहिरींचा बंदोबस्त आणि घरोघरचा शोध यांमुळे २००० सालच्या फेब्रुवारीत भारत नारूमुक्त जाहीर झाला. ज्ञान गावापर्यंत पोचले की काय होते याचा हा दाखला.

आता उपायांच्या नावाखाली होणाऱ्या अपायांबद्दल दोन शब्द. गाठीवर बिबा घालणे, रुईचा चीक लावणे, चुना आणि खार कालवून थापणे, तापल्या विळ्याने डाग देणे, हे प्रकार आपल्या भागात जुने आहेत. सुश्रुतानेही चरबीची गाठ कापून मेद काढल्यावर डाग द्यायला सांगितले आहे, हे खरे. पण तो आधी शस्त्राने कापायला सांगतो, आणि त्याच्याजवळ जंतुनाशक नव्हते, तुमच्या-आमच्याजवळ आहे. बिब्याने कातडी भाजते, फोड येतात, पू होतो. कातडीखालची चरबीची गाठ मात्र जिथल्या तिथेच राहते. चोळून, दाबून किंवा सुईने टोचूनही ती विरघळत नाही. आणि खरी हानी भाजण्याची नाही, वेळेची आहे. गाठ दुसऱ्याच जातीची असली तर बिब्यात आणि अंगाऱ्यात गेलेले सहा महिने परत मिळत नाहीत.

तर मग पारख कशी करायची? दोन हजार वर्षांचे ज्ञान चार बोटांवर मावेल असे सांगतो.

पहिले बोट, स्पर्श. चरबीची गाठ कणकेच्या गोळ्यासारखी मऊ लागते. कडेवर बोट दाबले की ती बोटाखालून निसटते आणि वरची कातडी तिच्यावर मोकळी हलते. सुपारीसारखी टणक, किंवा खाली घट्ट रुतून बसलेली, जागची न हलणारी गाठ लागली तर दाखवा.

दुसरे बोट, माप. शाळेतली पट्टी घ्या. पाच सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे चांगल्या मोठ्या लिंबापेक्षा गाठ मोठी असेल तर दाखवा.

तिसरे बोट, काळ. चरबीची गाठ वर्षानुवर्षे आहे तेवढीच राहते किंवा फार हळू वाढते. दोनचार महिन्यांत वाढलेली, नव्याने दुखू लागलेली, चिघळलेली, किंवा एकदा काढून पुन्हा आलेली गाठ दाखवा.

चौथे बोट, जागा. स्तनात, काखेत, मानेत, जांघेत, अंडकोशात गाठ असेल तर माप घेत बसू नका. ती मऊ असो की टणक, दुखो की न दुखो, दाखवाच. जांघेतली गाठ कधी कधी अंतर्गळ असतो, म्हणजे खाली उतरलेले आतडे. ते अडकले तर तासांचा खेळ असतो.

या चार बोटांनी रोगाचे निदान होत नाही, हेही सांगून ठेवतो. निदान डॉक्टरांनी करायचे, गरज पडली तर सोनोग्राफीने, गरज पडली तर तुकडा तपासून. तुमची बोटे फक्त एवढेच सांगतात की घाई करायची की नाही. आणि चारही परीक्षांना गाठ उतरली तरी एकदा डॉक्टरांच्या हाताखालून जाऊ द्या. त्यांनी “ही चरबीची आहे” असे म्हटले की मग निवांत राहा. ती काढलीच पाहिजे असे नाही. ओझे घेताना टोचत असेल, बंडीला घासत असेल, दिसायला नकोशी वाटत असेल, तर काढून घ्या.

जायचे तरी कुठे, असा प्रश्न एके काळी रास्त होता. १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले, तेव्हा इथल्या माणसाला ते विलायतेइतकेच दूर. मग १९४१ साली मुंबईतच कर्करोगासाठी टाटा रुग्णालय उघडले, १९४७ साली नागपूरला वैद्यकीय महाविद्यालय झाले, १९६९ साली सेवाग्रामला, आणि १९८९ साली आपल्या यवतमाळला. घाटंजीत ग्रामीण रुग्णालय आहे. सुमारे दीडशे वर्षांत डॉक्टर मुंबईहून तालुक्यापर्यंत चालत आला. शेवटची चार पावले आपण टाकायची आहेत.

ही चार पावलेच बायकांना सर्वांत जड जातात. छातीत गाठ लागली तर कुणाला सांगावे? सासूला सांगायची लाज, नवऱ्याला सांगायची भीती, आणि डॉक्टर पुरुष. त्यातून कापूसवेचणीचा हंगाम. मग “दुखत नाही ना” हे वाक्य आधाराला येते आणि दिवाळीची गाठ होळीपर्यंत लपून राहते. आज आपल्या देशातल्या स्त्रियांत सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे, आणि लवकर कळला तर तो बरा होण्याची शक्यता चांगली असते. मायबहिणींनो, गावात आशाताई आहे. ती तुमच्यातलीच आहे. तिला सांगा, ती सोबत येईल. आणि घरच्या पुरुषांनो, “वेचणी आटोपू दे, मग पाहू” असे म्हणू नका. कापूस बोंडात चार दिवस थांबतो. गाठ थांबेलच असे नाही.

गुरुजींना एक विनंती. सातवी-आठवीच्या वर्गात पेशी शिकवताना फळ्यावर चरबीची पेशी काढा आणि ही चार बोटे मुलांना पाठ करून घ्या : स्पर्श, माप, काळ, जागा. मुलगी घरी जाऊन आजीच्या पाठीवरची गाठ पट्टीने मोजील. ती लिंबापेक्षा लहान, मऊ आणि वीस वर्षांची जुनी असली, तर दवाखान्यात एकदा हात लावून घ्यायचा आणि आजीची काळजी मिटली. आणि त्याच संध्याकाळी आई चुलीपाशी हळूच म्हणाली, “मलाही एक आहे, पण दुखत नाही,” तर त्या मुलीला ठाऊक असेल की न दुखणे हे काही उत्तर नव्हे, आणि उद्या सकाळी घाटंजीला जायचे आहे.